ईमेलची पोच कोण देणार?

संपादक महोदय,

सरकारी कार्यालयांच्या सुरक्षित ईमेलविषयीचा कालच्या अंकातील लेख वाचला. संदेश वाटेत कोणालाही वाचता येणार नाही, हे त्यात सविस्तर सांगितले आहे. मात्र तो मिळाल्याचे कबूल कोणी करायचे, यावर एक ओळही नाही.

वडिलांच्या जमिनीच्या फेरफारावर हरकत घेण्यासाठी, नोटिशीवर छापलेल्या ईमेल पत्त्यावर मी हरकतीच्या पंधरा दिवसांपैकी बाराव्या दिवशी, दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी अर्ज पाठवला. तो परत आला नाही. महिन्याभराने सातबारा काढला, तर नोंद मंजूर झालेली! कार्यालयात जाऊन मोबाइलवर पाठवलेला मेल दाखवला, तेव्हा समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडून गेला असेल, आमच्याकडे दिसत नाही." हाच अर्ज कागदावर नेला असता, तर माझ्या प्रतीवर आवकचा गोल शिक्का, तारीख आणि क्रमांक पडला असता व हे उत्तर देण्याची कोणाची छाती झाली नसती.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे, कळवलेल्या पत्त्याच्या संगणक यंत्रणेत संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते. पण तो शिरल्याची नोंद असते कार्यालयाच्याच सर्व्हरवर, मग सामान्य माणसाने ती आणायची कुठून? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रावर हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून संगणकाने काढलेली आणि एक अक्षर बदलले तरी बदलणारी खूण, लिहावे लागते. तोच हॅश, वेळ आणि आवक क्रमांक असलेली, कार्यालयाच्या डिजिटल स्वाक्षरीची पोच प्रत्येक मेलला आपोआप मिळाली पाहिजे. न्यायालयात आमच्याकडून जो पुरावा मागितला जातो, तो कार्यालयाने पहिल्याच दिवशी हातात द्यावा, एवढीच मागणी आहे.

उलट आम्हाला येणाऱ्या पत्रांखाली 'संगणकनिर्मित प्रत, स्वाक्षरीची आवश्यकता नाही' असे असते आणि ज्या पत्त्यावरून ती येतात, तेथे उत्तर पाठवण्याची सोय नसते. चूक झाली तर जाब विचारायचा कोणाला? त्यातच १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. सहीची पोचपावती फाइलला लावून निश्चिंत होणाऱ्या माझ्यासारख्यांना हा बदल फार लागला आहे.

मी अपील केले आहे. सुनावणीत त्या दिवशीच्या सर्व्हरची नोंद हजर करण्याची लेखी मागणी करणार आहे, आणि तो अर्ज स्वतः नेऊन, शिक्का मारून घेऊनच परतेन.

— एक वाचक, सातारा