तिसऱ्या मजल्यावरून, पहिल्या मजल्यावरच्या मुलास

चिरंजीवास तिसऱ्या मजल्यावरच्या काकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहायचं नाही असं तुझ्या आईने बजावलंय. जहाजावर नोकरी करणाऱ्याचं नाव असं चारचौघांत घेऊ नये, कंपनीला आवडत नाही म्हणे. राहिलं. नौपाड्यातल्या आपल्या लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असणारा मुलगा एकच आहे, कळायचं त्यांना कळेलच.

आता पत्र असं उघडं का? तलावपाळीवर संध्याकाळी भेटणाऱ्या आमच्या मंडळींपैकी दोन जोडपी सिंगापूरची क्रूझ बुक करून बसलीत, आणि पुढे लेकाकडे, भाचीकडे मलेशियात जायचंय. आम्ही दोघं तसंच जाऊन आलोय, म्हणून रोज एकेक जण मला तेच विचारतो, जहाजावरून उतरल्यावर बॅगा पुढे कशा न्यायच्या. म्हटलं, तुझे आभार आणि त्यांची उत्तरं एकाच कागदावर उरकावीत.

तुला आठवतंय ना, आईने पाठवलेला आमचा चिवड्याचा डबा परत द्यायला तू वर आला होतास. हॉलमध्ये तीन बॅगा उघड्या पडल्या होत्या, काका चौथीची चेन लावायला तिच्यावर बसले होते. तू डबा ओट्यावर ठेवलास, बॅगांकडे बघितलंस आणि विचारलंस, "काकू, जहाज संपल्यावर या कोण उचलणार?"

महिनाभर आमच्या घरी त्या सहलीशिवाय दुसरा विषय नव्हता. केबिनला खिडकी आहे का, जेवणात डाळभात मिळेल का, सगळं विचारून झालं होतं. टूरवाल्याने छापील कागद दिला होता, त्यात शेवटच्या दिवसासमोर "टर्मिनलवर सहल समाप्त" एवढंच. आमची सहल तिथे समाप्त होत नव्हती. तिथून बसने क्वालालंपूर, लेकीकडे पंधरा दिवस, मग विमानाने मुंबई. हा मधला पट्टा कुणाच्याच कागदावर नव्हता. पोस्टात एकतीस वर्षं लोकांची पार्सलं तोलली मी, आणि स्वतःच्या बॅगा एकदाही काट्यावर ठेवल्या नव्हत्या.

तू ठेवायला लावल्यास. बाथरूमच्या काट्यावर चारी मिळून 61 किलो. मला वाटलं हसशील. हसला नाहीस, तिकिटं मागितलीस. जाताना विमानात माणशी 25 किलो चालत होतं, जहाजावर तर कुणी वजनच करत नाही, म्हणून तर आम्ही कोंबत सुटलो होतो. पण येतानाच्या स्वस्तातल्या तिकिटावर माणशी 20 किलो होतं, आणि त्यात लेक परत पाठवणार ते वेगळंच. सगळ्यात कंजूष तिकीट कुठलं ते बघायचं आणि बॅग त्याच्या मापाने भरायची, हे तू सांगितलंस. ऐकल्यावर इतकं साधं वाटलं की माझा मलाच राग आला.

त्यापुढची तुझी परीक्षा मात्र जरा दुष्टच होती. "दोघांनी आपापली बॅग उचलून गेटपर्यंत न्या आणि परत वर आणा. जिना जमला तर सगळं जमेल." माझा उजवा गुडघा तुला माहीत आहे. पहिल्या फेरीला मी दुसऱ्या मजल्यावरच बसले. तू वर जाऊन माझ्या सहा साड्यांतल्या चार काढल्यास, इस्त्री काढलीस (जहाजावर ती काढूनच घेतात, एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा), काकांचे जाडजूड बूट काढलेस. तिसऱ्या फेरीला मी कुठेही न बसता वर आले. तेव्हा काट्यावर माझी बॅग 12 किलो होती, काकांची 13.

आणि मग ते अनारसे.

लेकीसाठी खास केले होते. पीठ आठ दिवस मुरवलेलं, तळताना एकही हसला नव्हता. तू डबा उघडलास, एक उचललास, उलटा केलास आणि खालच्या बाजूवरून बोट फिरवलंस. बोटाला चार दाणे चिकटले. "खसखस," म्हणालास, "सिंगापुरात चालत नाही. अफूच्या झाडाचं बी ना हे, तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात बसवतात." मला आधी चेष्टाच वाटली. लेक राहते मलेशियात, खाणार मलेशियात! पण बॅग तर सिंगापुरातूनच जाणार होती, आणि एकदा नाही, दोनदा. विमानतळावर एकदा, आणि जहाज फुकेतहून परत आलं की बंदरावर पुन्हा. गोडा मसालाही त्याच कारणाने मागे राहिला. काकांची तंबाखूची डबी तू न विचारता त्यांच्या खिशातून काढून टीव्हीवर ठेवलीस. खायची तंबाखू तिथे न्यायलाच बंदी आहे हे ऐकून काका दोन दिवस सिंगापूरवर रुसले होते. ते एक काम तू माझ्यावर उपकार म्हणूनच केलंस असं मी धरते.

तू म्हणालास तसंच शेवटच्या रात्री झालं. केबिनमध्ये रंगीत, नंबराचे टॅग आले आणि सोबत चिठ्ठी, की बॅगा टॅग लावून रात्री दाराबाहेर ठेवा, सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये त्या त्या रंगाखाली मिळतील. ज्यांना आपल्या बॅगा स्वतः घेऊन उतरायचंय त्यांनी ठेवू नयेत. आम्ही ठेवल्या नाहीत. सकाळी लिफ्टपाशी ही गर्दी, दादरचा ब्रिज परवडला, पण चाकं होती, हात होते, उतरलो. समोरच्या केबिनमधल्या बोरिवलीच्या गृहस्थांनी रात्री सगळं आवरून, अगदी सगळं, बाहेर ठेवलं होतं. सकाळी नाश्त्याला बिचारे अर्ध्या चड्डीत आणि जहाजाच्या कापडी सपातांत. बायको त्यांच्याशी बोलत नव्हती, तिच्या गोळ्याही त्याच बॅगेत गेल्या होत्या. मी माझ्या गळ्यातली पिशवी चाचपली. पासपोर्ट, गोळ्या, चष्मा, सगळं जागेवर. तू सांगितलंस म्हणून.

मरिना बे टर्मिनलच्या त्या हॉलमधून जाताना बॅगांच्या रांगा बघितल्या. काळी, काळी, निळी, काळी. ओळखायला म्हणून निम्म्यांवर लाल रिबिनी, म्हणजे पुन्हा सगळ्या सारख्याच. तू लाल नको म्हणाला होतास ते तेव्हा पटलं. आमच्या बॅगांना माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचे हिरवे काठ बांधले होते.

जहाज सकाळी 7 ला धक्क्याला लागतं म्हणजे आपण 7 ला बाहेर, असं नसतं. दुपारच्या आतली बस घेऊ नका, हेही तुझंच. आम्ही एकची घेतली होती. इमिग्रेशन, टॅक्सी, बस सुटते त्या बीच रोडला पोचणं, सगळं होऊन इडली खायला वेळ उरला. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड जहाजावरून परत येतानाही नव्याने भरावं लागतं, हे टूरवाल्याच्या कागदावर नव्हतं, तुझ्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर होतं. मलेशियाने डिसेंबर 2023 पासून आपल्याला 30 दिवसांपर्यंत व्हिसाची अट काढली आहे, पण त्यांचं डिजिटल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ते लेकीने तिकडून भरलं.

खरी गंमत पुढे, तुआसच्या पुलावर. सिंगापूरच्या बाजूला बसमधून उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, पुन्हा चढायचं, बॅगा डिकीतच. पूल ओलांडला की मलेशियाच्या बाजूला परत उतरायचं, आणि या वेळी सगळ्या बॅगा काढून, ओढत नेऊन, मशीनमधून घालून पलीकडे न्यायच्या. तिथे हमाल नाही, "अहो जरा धरा" म्हणायला कुणी नाही, आणि बसवाला ठरावीक वेळच थांबतो. त्या रांगेत मला आपला जिना आठवला. आमच्या मागे एक बाई चार बॅगा एकामागून एक पायाने ढकलत होत्या. जुनी मी.

बाहेर आलो तर एकाच रंगाच्या पाच बसगाड्या उभ्या. काका टॉयलेटला जाऊन आले आणि ऐटीत तिसऱ्या बसमध्ये चढून आमच्या सीटवर बसलेल्या माणसाशी हिंदीत भांडायला लागले. मी मोबाइलमधला नंबरप्लेटचा फोटो दाखवून त्यांना खाली उतरवलं. उतरण्याआधी दर वेळी नंबरप्लेटचा फोटो काढायचा, हे तुझ्या चिठ्ठीवर सर्वात खाली, दोनदा अधोरेखित होतं. काकांना ओळखून आहेस.

रात्री आठच्या सुमारास लेक घ्यायला आली. पहिलं वाक्य काय, तर "बाकीचं सामान कुठंय?"

परत आलो तेव्हा वॉचमन बॅगा उचलायला धावला. काकांनी त्याला हाताने थांबवलं आणि स्वतःची बॅग खांद्यावर टाकून वर गेले. पहिल्या मजल्यावर तुमच्या दाराशी जरा जास्तच वेळ थांबले, दम लागला म्हणून की तुला दिसावं म्हणून, ते तेच जाणोत. तू तोवर पुन्हा समुद्रावर गेला होतास.

राहिले अनारसे. सगळा डबा त्या रात्री मी तुझ्याच हातात दिला होता, आणि तुझी आई सांगते की तू दोन दिवसांत संपवलेस. डबा अजून तिच्याकडेच आहे. रिकामा कसा परत देऊ म्हणून थांबलीय. तू उतरशील तेव्हा त्यात काय घालून पाठवायचं ते तुम्ही दोघं ठरवा. वर आणून मात्र तूच दे.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू
नौपाडा, ठाणे