सांडव्यावरच्या फळ्या

पुणे, 12 मे 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

घरी आपण भांडतो कोकणीतून, पण पत्र मराठीत, हा बाबांचाच नियम. फोनवर हा विषय काढला की बाबांचा आवाज चढतो, मागून दादा बोलायला लागतो आणि आई "जेवलीस का?" विचारून सगळ्यांना गप्प करते. म्हणून लिहिते आहे. कागदावर मध्येच तोंड घालायला कोणी नसते.

बाबा, तळीच्या सांडव्यावरच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवरच्या, फळ्या काढा.

शिगम्याला आले तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. दादाने खाचा पाडून चार फळ्या बसवल्या आहेत. तळीचे पाणी हातभर वर चढले, पॅडलबोट थेट पायरीला लागते, पाहुणे फोटो काढतात. कोळेरोगाने सुपारी गेली त्या वर्षी पाहुण्यांना दिलेल्या याच दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालले, हे मी विसरलेले नाही. बोट विकून टाका असे माझे म्हणणे नाही.

पण सांडवा बांधाच्या माथ्यापेक्षा दोन हात खाली तुम्हीच ठेवला होता ना? मी सहा वर्षांची होते, तरी आठवते. ओहोळ अडवायचा तर नुसती जांभ्याची माती पाणी धरत नाही, म्हणून शेताच्या चोंडातली चिकणमाती आणून तिचा गाभा मधोमध भरलात. आम्ही पोरे ती तुडवायला. आई ओरडत होती की हिचे परकर कोण धुणार. ते दोन हात तुम्ही आपल्या सत्तरी तालुक्यातल्या पावसासाठी राखले होते. त्यातला एक आता बोटीला दिला. मागच्याच वर्षी, 2024 मध्ये, आपल्या वाळपईत पावसाने दोनशे इंच ओलांडले. तशी एखादी रात्र आली, सांडव्यात पालापाचोळा अडकला, की उरलेला एक हात भरायला किती वेळ लागेल?

सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेले तर एक वेळ चालते, मातीच्या बांधावरून गेले तर नाही. बाहेरच्या उतारावर घळ पडते, ती खालून खरवडत खरवडत माथ्यापर्यंत मागे सरकते आणि मग तळी बांधासकट निघते. खाली शेजाऱ्यांचे घर आहे, बकऱ्यांचा गोठा आहे, आणि आपले अर्धे कुळागर, सुपारी-नारळाची बाग.

इथे माझ्या घरमालकीणबाईंचे माहेर 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पाण्यात गेले. तेही धरण मातीचेच. पाणी सोडायच्या मोरीचे काम अपुरे होते, तिच्यावरचा भराव खचला आणि पाणी माथ्यावरून गेले. बाबा, तुमचाही बागेला जाणारा नळ बांधाच्या पोटातून जातो. नळाच्या कडेने माती नीट दाबली जात नाही, पाणी तिथेच वाट शोधते. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले ते तर आता आताचे, 2 जुलै 2019 ची रात्र, वीसहून जास्त माणसे गेली. मंत्र्यांनी खेकड्यांवर ढकलले आणि सगळे हसले. मीही हसले होते. खेकडे, घुशी, वाळवी बांध पोखरतात हे खरेच आहे, पण बिळे बुजवायची कोणी हाच खरा प्रश्न. 2021 चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरच्या वरच्या धरणांना, आणि काही अटींवर दहाच्या वरच्यांना. आपला बांध माडाच्या अर्ध्या उंचीचाही नाही. तो बघायला कोणी साहेब येणार नाही. जो मालक तोच इन्स्पेक्टर.

फळ्या एकदम उपसू नका हं. दादाचा स्वभाव माहीत आहे, रागावला तर एका दुपारी सगळ्या काढून फेकेल. तळी झपाट्याने उतरली तर आतल्या अंगाचा भिजलेला उतार पाण्याच्या आधाराशिवाय घसरतो. एक फळी काढायची, दोन दिवस थांबायचे, मग दुसरी. यंदा पाऊस 27 मेला केरळात येईल असा अंदाज आहे, तेव्हा मृगाची वाट बघण्यात अर्थ नाही.

बाहेरच्या उतारावरचे रान कोयत्याने साफ करा, नुसते गवत राहू द्या. झुडुपात बीळ दिसत नाही, पाझरही दिसत नाही.

आई, आता तुझ्या फणसाचे. माझ्या बारशाला आणलेले रोप तू आज बांधाचे टोक आहे तिथे लावलेस, बांध झाला तेव्हा ते त्याच्या अंगातच आले. दादा म्हणतो, तोडू. आता मुळीच नको. तोडला तर मुळे आत कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या उरतात, उपटला तर खड्डा. पावसानंतर जाणत्या माणसाला दाखवू, मग काय ते ठरवू. तोवर तो उभा राहू दे. (मला बरे वाटले हे लिहिताना. एवढे खरे सांगते.)

बांधाच्या पायथ्याशी, नळाच्या डाव्या हाताला, ओल आहे. ती बाबांना माहीत आहे, पंचवीस वर्षांची जुनी आहे असे ते म्हणतात. पाझर स्वच्छ असेल तर फारसे भिण्याचे कारण नाही. गढूळ असेल तर पाणी आतली माती घेऊन बाहेर येते आहे. त्या दिवशी पाहुण्यांना हात जोडून परत पाठवायचे, शेजाऱ्यांना घर सोडायला सांगायचे आणि मग मला फोन करायचा. क्रम हाच.

त्या तळीत मी कमरेला सुके नारळ बांधून पोहायला शिकले. मुसळधार पावसात बाबा इरले घेऊन बांधावर बसायचे, सांडव्यातला पाला काठीने ओढत, आणि सकाळी कोरा चहा मागायचे. आता गुडघ्यांनी ते होणार नाही, आणि दादा रात्री उठत नाही. मला हे ठाऊक आहे म्हणूनच झोप येत नाही.

24 तारखेला शनिवारी येते, चार दिवस रजा आहे. सांजांवसाठी, जूनमधल्या त्या पाण्यात उड्या मारायच्या सणासाठी, आलेल्या बुकिंगला अजून हो म्हणू नका. दादाशी मीच बोलेन, तुम्ही त्याला काही सांगू नका.

आणि आई, मिस्कुटाची, कैरीच्या लोणच्याची, काचेची बरणी रिकामी झाली असेल तर धुऊन ठेव. पाझराचे पाणी रोज सकाळी त्यात धरून उजेडात बघायचे आहे. झाकण नसले तरी चालेल.

तुमची,
बाय