टॅगवरचा भाव आणि बिलावरचा भाव

प्रिय बाबा आणि आई,

बाबा, तुम्ही विचारलंत की ती मोठी बॅग 160 डॉलरची, तिच्यावर 40 टक्के डिस्काउंट आणि वर कूपनचे 20 टक्के, म्हणजे 60 टक्के गेले, मग 64 ला मिळायला हवी ना? नाही मिळत. दुसरा डिस्काउंट मूळ किमतीवर नसतो, पहिला जाऊन जे उरतं त्यावर असतो, म्हणजे 160 चे आधी 96 होतात आणि त्या 96 मधले 20 टक्के जाऊन उरतात 76.80. एकूण 52 टक्के कमी झाले, साठ नाही. मी तर किती कमी झाले हे बघायचंच सोडलंय, किती द्यायचे तेवढंच बघतो, 40 टक्के ऑफ म्हणजे 0.6 ने गुणायचं, 20 टक्के ऑफ म्हणजे 0.8 ने, मोबाइलवर दोन मिनिटांचं पण काम नाही. आणि कुठला डिस्काउंट आधी लावला याने काही फरक पडत नाही, उलट करून बघा हवं तर.

पण बिल 76.80 चंही येत नाही, 81.89 चं येतं! आपल्याकडे एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, इथे अमेरिकेत टॅगवरचा भाव कर सोडून असतो आणि टॅक्स काउंटरवर लागतो. अख्ख्या देशाचा असा एक सेल्स टॅक्स नाहीच, राज्याचा वेगळा, बऱ्याच ठिकाणी त्यावर काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, नाहीतर शहराचा आणखी. आमच्या न्यू जर्सीत 6.625 टक्के, नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेलं की 8.875. आता 6.625 तोंडी कोण करत बसणार, मी सरळ 10 टक्के काढतो आणि त्याचे दोन तृतीयांश धरतो. 76.80 चे 10 टक्के 7.68, त्याचे दोन तृतीयांश 5.12, खरा टॅक्स 5.09. तीन सेंट इकडे तिकडे, चालतंय की.

आई, तुझ्या फायद्याचं म्हणजे न्यू जर्सीत कपड्यांवर हा टॅक्स नाही, बहुतेक किराण्यावर पण नाही. चॉकलेट-गोळ्यांवर आहे, पण त्यात मैदा असेल तर नाही, कारण पीठ घातलेली वस्तू नियमाप्रमाणे कँडीत धरतच नाहीत, कोणी बसून ठरवलं देव जाणे. न्यूयॉर्क शहरात आणखी गंमत, तिथे एका कपड्याची किंमत 110 डॉलरच्या आत असेल तरच टॅक्स माफ, नाहीतर पूर्ण किमतीवर. म्हणजे 120 चं जॅकेट पडतं 130.65 ला, पण दुकानाने 10 टक्के कमी केले की 108 झाले आणि टॅक्स गायब, डिस्काउंट 12 चा आणि वाचले 22.65. असं काही सापडलं की मला भारी आनंद होतो, तुमचाच मुलगा आहे शेवटी.

कूपनमधे पण दोन जाती आहेत हां. दुकानाने स्वतःहून किंमत कमी केली तर टॅक्स कमी झालेल्या किमतीवर, पण वस्तू बनवणाऱ्या कंपनीचं कूपन असेल तर ते पैसे दुकानाला कंपनीकडून मिळतात, म्हणून इथे टॅक्स मूळ किमतीवर. 20 डॉलरचं डिटर्जंट 5 च्या कूपनवर घेतलं तरी टॅक्स पूर्ण 20 वरच.

दादाला लॅपटॉप हवाय ना, तो म्हणेल शेजारच्या डेलावेअरमधून आण, तिथे सेल्स टॅक्सच नाही. खरंय, पण वस्तू न्यू जर्सीत आणून वापरायची तर तेवढाच टॅक्स नंतर आपणहून भरायचा असतो, युज टॅक्स म्हणतात त्याला. ऑनलाइन मागवला तरी पार्सल जिथे येणार तिथला रेट लागतो. तेव्हा त्याला सांगा, वेबसाइटवरचा भाव गुणिले 1.066 आणि मग रुपयात करून बघ, परवडत असेल तर कळव. आई, तुझ्या स्वेटरचं माप मात्र इंचात पाठव, नुसतं मीडियम नको.

तुमचा,
बंटी