झुडपी रान व जिवंत कुंपणे : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, झुडपी पट्टे जोडण्याच्या कामात नवी लागवड करण्याआधी जिवंत कुंपणांतील खंड भरून काढावेत, कारण सलग आडोसा नसेल तर चिचुंद्री, सरडे यांसारखे लहान जीव उघडी जागा ओलांडण्यास सहसा धजत नाहीत. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात छाटणी पूर्णपणे बंद ठेवावी. एरवीही संपूर्ण कुंपण एकाच वर्षी न कातरता दोन-तीन वर्षांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने छाटावे. अनेक झुडपांना आदल्या वर्षीच्या फांद्यांवरच फुले-फळे धरतात, त्यामुळे दरवर्षी कातरलेले कुंपण नीटनेटके दिसले तरी पाखरांच्या काही उपयोगाचे राहत नाही. बुंध्यालगतचा पालापाचोळा व वाळकी लाकडे हलवू नयेत.

काटेरी झुडपे दिसली की जमीन ‘साफ’ करण्याचा मोह आवरावा (हा मोह आपल्यातील जाणत्यांनाही होतो), कारण काट्यांच्या आड रुजलेले झाडाचे रोप चरणाऱ्या जनावरांपासून आपोआप वाचते. मूळची अमेरिकेतील घाणेरी जेथे फैलावली असेल तेथे ती मुळासकट काढावी. मात्र त्याजागी स्थानिक झुडपांचा आडोसा तयार होईपर्यंत ती एकदम न काढता थोडी थोडी काढावी.