कोलेस्टेरॉल नॉर्मल, तरी अटॅक आला

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला एप्रिलात, आंब्याच्या पेट्या भरता भरता छातीत कळ आली. वय ४३, ना दारू ना सिगारेट, आणि दोन महिन्यांपूर्वीच्याच रिपोर्टात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९८. गोव्याला नेईपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. वाचला, देवाची कृपा. मग डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए ही टेस्ट सांगितली, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा हा एक कण, तो जास्त असला की अटॅकचा धोका वाढतो, ती दोन लॅबमध्ये केली तर एकीने ६२ लिहिलं आणि दुसरीने १४८! घरात सगळे हादरले, खरं काय धरायचं?

नंतर कळलं की एक आकडा मिलिग्रॅममध्ये होता, दुसरा नॅनोमोलमध्ये. म्हणजे एकाने बांगडा मासळीची टोपली वजन करून दिली आणि दुसऱ्याने नग मोजून दिले. बांगडे लहानमोठे असले की किलोवरून नग काढता येत नाहीत ना, तसंच इथं आहे, या कणावरचं अपो-ए प्रोटीन माणसागणिक लहानमोठं असतं, त्यातला एक भाग कुणात कमी वेळा येतो कुणात जास्त. नेहमीची टेस्ट अँटिबॉडीने होते आणि ती अँटिबॉडी त्या वारंवार येणाऱ्या भागाला चिकटणारी असली तर मोठं प्रोटीन जास्त भरतं, लहान कमी.

मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे रेणू वजनावरून ओळखून मोजायच्या पद्धतीत, हा घोळ टळतो. ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने प्रोटीन ठराविक जागी कापतात, आणि मोजायला असा तुकडा निवडतात जो एका कणात एकदाच येतो. तसाच तुकडा जड आयसोटोप, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे जास्त वजनाचे अणू, घालून वेगळा बनवलेला असतो, तो मोजून मिसळायचा, मशीन दोन्ही वजनावरून ओळखतं आणि तुलनेवरून नग निघतात. अपो-बी हे दुसरं प्रोटीनसुद्धा असंच मोजता येतं, एलडीएलच्या प्रत्येक कणावर ते एकच असतं, होडीवर तांडेल एकच असतो तसं, तांडेल मोजा की होड्या कळल्या. जगभरातल्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून आयएफसीसी ही लॅब तपासण्यांची आंतरराष्ट्रीय संघटना याच पद्धतीवर काम करतेय.

कोटींच्या घरातलं मशीन तालुक्याला बसवा असं मी म्हणत नाही. पण रक्त ग्रामीण रुग्णालयात घ्यावं, मुंबईला पाठवावं, आणि प्रत्येक लॅबने रिपोर्टवर युनिट आणि पद्धत मोठ्या अक्षरात छापावी, एवढं तरी व्हायलाच हवं. ही टेस्ट काही दर सहा महिन्यांनी करायची नाही, २०१९ च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा तरी करा असं म्हटलंय, कारण हे प्रमाण मुख्यतः आईबापाकडूनच येतं आणि फारसं बदलत नाही.

म्हणूनच जास्त काळजी वाटते. भावाचा मुलगा १९ वर्षांचा आहे, गणपतीला पुण्याहून येईल. त्याचं रक्त कुठे द्यायचं आणि कुठला आकडा खरा धरायचा, हे आम्हाला इथे कोण सांगणार? तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आपला एक वाचक, देवगड