सर्कशीच्या कादंबरीचा गहाळ फर्मा आणि मजकुरातल्या चुका

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व संपादन विभाग

विषय: सदोष प्रती बदलून मिळणे आणि पुढील आवृत्तीत दुरुस्ती करणे

महोदय,

आपण काढलेल्या सर्कशीवरच्या अनुवादित अद्भुत कादंबरीच्या अकरा प्रती आमच्या वाचनगटाने जळगावच्या पुस्तक प्रदर्शनातून घेतल्या. किंमत प्रत्येकी ४५० रुपये. बिलाची झेरॉक्स सोबत आहे. अकरापैकी चार प्रतींत पृष्ठ १९३ ते २०८ दोनदा आहेत आणि २०९ ते २२४ नाहीतच. तेरावा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली सोळा पानं, दोनदा लागला, चौदावा राहिला.

फोनवर आपल्याकडून उत्तर मिळालं, ‘सुटा फर्मा पाठवतो, चिकटवून घ्या.’ ते जमणारं नाही. पुस्तक गम बाइंडिंगचं आहे. घड्यांची पाठ कापून, खरवडून त्यावर गरम गोंद दिलेला आहे. त्यात सोळा पानांचा फर्मा मध्येच घुसवला की पाठ उकलते आणि शेजारची चांगली पानंही सुटतात. मुळात ही चूक बायंडरकडेच सापडायला हवी होती. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर आधीच्यापेक्षा थोडी खाली काळी खूण छापलेली असते, म्हणून फर्मे जुळवल्यावर खुणांचा जिना दिसतो. तेरावा दोनदा आला तर एकाच पायरीवर दोन खुणा दिसतात आणि पुढची पायरी गायब असते. पाठ कापली की खुणाही जातात, म्हणून हे पाहायचं ते कापण्याआधी.

उरलेल्या सात प्रतींत पानं पूर्ण आहेत, पण कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, आडवा लागला आहे. कोरं पान पाठीला समांतर फाडून पाहा, वाकडंतिकडं फाटतं. आडवं फाडलं तर सरळ. असं पान उलटताना ताठ राहतं आणि सगळी ओढ गोंदावर येते. पुढे आमच्याकडचा मे महिना आहेच. भुसावळला पारा ४५ च्या घरात गेल्यावर या पाठीचं काय होईल ते सांगायला नको.

आता मजकूर. कादंबरी टाकाऊ असती तर एवढं लिहायची तसदी घेतली नसती. रात्रीच्या पावसात पहारेकरी तंबूचे दोर सैल करत फिरतो ते प्रकरण आमच्यात बहुतेकांनी दोनदा वाचलं. काथ्या-तागाचा दोर भिजला की आखडतो, ताण वाढतो, आणि वेळेवर ढील दिली नाही तर मेख उपसते किंवा कापड फाटतं. लेखकाला हे नेमकं ठाऊक आहे. आमच्या काळ्या कापशीच्या जमिनीत ओल्या मेखेचा भरवसा किती, हे इथल्या जत्रेत राहुटी ठोकणाऱ्या कोणालाही विचारा. त्या प्रकरणात भूत नाही, रक्त नाही, तरी भीती तिथेच सगळ्यात जास्त वाटते.

म्हणूनच पृष्ठ २३१ खटकतं. झोक्यावरची पकड मनगटाला मनगट अशी असते. दोघं एकमेकांचं मनगट धरतात. घामेजलेली बोटं निसटतात, मनगट धरलेलं राहतं. शिवाय एकाने मूठ उघडली तरी दुसऱ्याची मूठ बंदच असते. पृष्ठ ६१ वर सरावाच्या प्रसंगात हे बरोबर सांगितलं आहे. शेवटच्या झेपेत मात्र ‘गुंफलेली बोटं निसटली’ असं छापलंय. सगळ्या कादंबरीचा पेच एवढाच की झेप घेणारी चुकून पडली, का दोघांनी मिळून पकड सोडली. बोटं निसटली म्हटल्यावर तो अपघात झाला, आणि सव्वादोनशे पानांची तयारी वाया गेली.

दुसरी चूक, रिंगण ‘४२ मीटर’. ते ४२ फूट हवं, म्हणजे साधारण १३ मीटर. आधुनिक सर्कशीचा जनक मानल्या जाणाऱ्या फिलिप ॲस्टली या इंग्रज घोडेस्वाराच्या खेळांपासून हे माप रूढ झालं. एवढ्या वर्तुळात घोडा आत झुकून पळतो आणि पाठीवर उभ्या स्वाराला तोल सांभाळणं सोपं जातं. ४२ मीटरच्या रिंगणात, मधून न हलणाऱ्या तुमच्या रिंगमास्टरला घोड्याला चाबूक टेकवायला एकवीस मीटरचा पल्ला लागेल! त्याच्याजवळ काळी जादू आहे हे मान्य, पण ती चाबकावर चालल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

विदूषकाच्या तोंडी अहिराणी घातली आहे. कल्पना वाईट नाही. पुस्तकातलं सगळ्यात काळोखं माणूस तेच. पण ‘आहे’ला अहिराणीत ‘शे’ म्हणतात एवढंही पाहिलेलं नाही. अर्धी वाक्यं वऱ्हाडीकडे झुकतात, आणि बोली आहे म्हणजे हसायचं असा सूर लागतो. धुळे-नंदुरबारकडच्या कोणाही बोलणाऱ्याकडून ती चौदा-पंधरा वाक्यं वाचून घ्या, तासाभराचं काम आहे.

मलपृष्ठावर ‘मराठी वाचकाला सर्वस्वी अनोळखी विश्व’ असं छापलंय. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये मुंबईत सर्कस उभी केली, आणि पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत जनावरांचे खेळ करून आले. अनोळखी कुणाला?

मुखपृष्ठावर फुगे आणि हसरा जोकर असल्याने प्रदर्शनात हे पुस्तक बालविभागात मांडलं होतं. सातव्या प्रकरणात तोच जोकर एका मुलाचं हसू कापून रंगाच्या डबीत भरतो, तेही तपशीलवार. मोठ्यांसाठी ते प्रकरण उत्तम आहे. दहा वर्षांच्या मुलासाठी नाही. मागच्या बाजूला वयाची सूचना छापा आणि चित्र बदला.

आमची मागणी: चार प्रती आपल्या खर्चाने पंधरा दिवसांत बदलून मिळाव्यात. शिल्लक साठ्यातील प्रती विक्रीआधी पृष्ठ २०८ पाशी उघडून तपासाव्यात. पृष्ठ २३१, रिंगणाचं माप आणि अहिराणी संवाद यांचं शुद्धिपत्र तूर्त सुट्या चिठ्ठीवर छापलं तरी चालेल. सदोष प्रतींची छायाचित्रं सोबत जोडली आहेत. मूळ प्रती आपला माणूस आला की देऊ.

आपले,
वाचनगटाचे सदस्य,
जळगाव