पाटीवर गावाचे नाव हवे

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आपण नव्या इतिहास संग्रहालयाचे कौतुक केले आहे. तेथील दालनांविषयी आणि मोठ्या पडद्यांविषयी माझी तक्रार नाही. गेल्या महिन्यात गावच्या शाळेच्या सहलीसोबत गेलो तेव्हा मुले त्यांत रमलेली मी पाहिली. तक्रार आहे ती वस्तूंखालच्या पाट्यांची. लाकडी दांडा आवळण्यासाठी आडव्या पट्ट्या बसवलेल्या लोखंडी कुऱ्हाडी तेथे मांडल्या आहेत आणि खाली लिहिले आहे, 'लोहयुग, विदर्भ'. बस्स.

अशीच एक कुऱ्हाड 1978 साली आमच्या वावरात, शिळावर्तुळाला (लोहयुगातील दफनाभोवती मांडलेल्या दगडांच्या कड्याला) लागून असलेल्या धुऱ्यापाशी वखरताना माझ्या वडिलांना सापडली. त्यांनी ती त्याच दिवशी तलाठ्याकडे नेऊन दिली. पंचनामा झाला, त्यात गाव, शेताचा सर्व्हे नंबर आणि तारीख लिहिली गेली व वडिलांनी खाली अंगठा दिला. वस्तू कोठे आणि केव्हा सापडली हे सापडणाऱ्याने लेखी कळवावे, असे निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या मौल्यवान वस्तूंविषयीचा, 1878 चा कायदाच सांगतो. मांडलेल्या कुऱ्हाडींत वडिलांची आहे असा माझा दावा नाही. परंतु ती आहे की नाही हे कळण्याची सोयच तेथे नाही, याचा मला संताप येतो. विचारले तर संग्रहालयाची नोंदवही दाखवता येत नाही, असे उत्तर मिळाले.

अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट पाहा. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने दान दिलेले गाव चर्मांक, ते मधुनदीच्या काठी, भोजकट राज्यात, असे त्यावर पाचव्या शतकात कोरले गेले, आणि अभ्यासक आजही त्या ताम्रपटाला चम्मकच्याच नावाने ओळखतात. आमच्या नागपूर जिल्ह्यातील जुनापाणी, माहूरझरी, नैकुंड ही खेडीही शिळावर्तुळांच्या उत्खननांमुळे विद्वानांना ठाऊक आहेत. मग संग्रहालयाच्या पाटीवरच गाव का नसावे?

आमच्या शिळावर्तुळाचे निम्मे दगड रस्त्याच्या कामासाठी उचलून नेले आणि शेजारी मुरमाची खदान पडली, हेही येथे नोंदवतो. त्या जागेचे नाव कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसल्याने हटकणारे कोणी नव्हते.

सहलीत चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, "आजोबा, आपल्या गावचं यात काय आहे?" मला उत्तर देता आले नाही. वडिलांच्या पंचनाम्याची प्रत माझ्या पेटीत आहे. संग्रहालयाने बोलावल्यास ती घेऊन मी पहिल्या एसटीने येईन.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. नागपूर